गाणं थांबलं ते घर

सिनेमा माझ्याच घरी, माझ्याच टीव्हीवर लागला. मावशींना हाताला धरून आणून खुर्चीत बसवलं, तेही मीच. हे आधी सांगून टाकते, नाहीतर सगळं खापर पुण्याच्या माणसावर फोडून मी मोकळी होईन.

मावशी माझ्या नात्यातल्या नाहीत. वसमतला आमच्या माहेरच्या मागच्या गल्लीत राहायच्या आणि लग्नाच्या बँडमध्ये गायच्या. भोंगे लावलेली गाडी पुढे, तिच्यालगत माइक धरून चालणाऱ्या मावशी, मागे क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि ढोल. हट्ट्यापासून जवळा बाजारपर्यंत लोक आधी ‘बाई मोकळ्या आहेत का’ विचारायचे आणि मग तिथी धरायचे. नवऱ्याने टाकलं होतं. दारू प्यायच्या, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. गावाला असं एखादं ठाऊक असलेलं फार सोयीचं पडतं.

पुण्याचा दिग्दर्शक दोन वर्षांपूर्वी आला. मऊ बोलायचा, चहा घेताना बशीसुद्धा वाजवायचा नाही. मावशींच्या गाण्याची जुनी कॅसेट ऐकून म्हणाला, “हे तर आपल्याकडचं जॅझ आहे.”

“जॅझ म्हंजे काय गं?” मावशींनी मला विचारलं.

“बँडच, पण इंग्रजी.”

“मग त्याला म्हणावं, बँडच म्हण.”

त्याने ऐकलं नाही. पोस्टरवर ‘एका बेभान जॅझ गायिकेची कहाणी’ असंच छापलं.

मावशी सिनेमाच्या करारावर सही करायला तयार नव्हत्या. त्यांना मी तयार केलं. महिनाभर मागे लागले होते. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, “पेत होते ते दाखवा. त्याला मी न्हाई म्हणणार न्हाई. पण त्या दिवशी मी पेले नव्हते. येवढं बराबर दाखवा.” दिग्दर्शकाने मान डोलावली. मीही शब्द दिला.

तो दिवस मी स्वतः पाहिलेला आहे. आमच्याकडे रीत अशी की वरातीच्या वाटेवर सुतकाचं घर आलं, तर बँडने चार घरं अलीकडे थांबायचं आणि चार घरं पलीकडे गेल्यावर पुन्हा सुरू करायचं. कुणी सांगावं लागत नाही. मी नववीत होते, आई जाऊन चारच दिवस झाले होते. दुपारी एका बड्या घरचा नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला आणि मिरवणूक आमच्या गल्लीत शिरली. नाचणारी पोरं रंगात आलेली. त्यांनी बँडमास्तरला घेरलं आणि वाजवत राहायला लावलं. मास्तरला पुढच्या सुपाऱ्या दिसत असाव्यात. आमच्या दारासमोर आल्यावर मावशींनी कडव्याच्या मध्येच माइक गाडीवर ठेवला, डोक्यावर पदर घेतला आणि उभ्या राहिल्या. गाणारीच गप्प झाल्यावर बाकीचे किती वेळ रेटणार? एकेक वाद्य बंद पडलं.

नवरदेवाच्या मिरवणुकीत बँड बंद पडणं म्हणजे अपशकुन. नवरदेवाचा मामा ओरडला, “बाई पिऊन टाइट आहे.” लोक हसले. मावशींनी एकदा आमच्या दाराकडे पाहिलं. आतून कडी लागली. आमच्यातलं कुणी बाहेर जाऊन म्हणालं नाही, की त्या आमच्यासाठी थांबल्यात. त्या लग्नसराईत त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही आणि पुढच्या सराईतही नाही. आता त्या हळदीच्या आडतीवर हळकुंडं निवडतात.

हे सगळं मी दिग्दर्शकाला सांगितलं तेव्हा त्याचे डोळे पाणावले होते. मला ते खरं वाटलं.

आणि सिनेमात काय होतं? नटी पर्समधून बाटली काढते, दोन घोट घेते, अडखळते, माइक हातातून सुटतो आणि ती भर रस्त्यात कोसळते. मागे नुसती जाहिराती रंगवलेली भिंत. मला खुर्चीतून उठून टीव्ही बंद करायचा होता. मावशींनी हाताने थांबवलं. सिनेमा संपेपर्यंत त्या बसून राहिल्या आणि मग म्हणाल्या, “घर कुठं गेलं? घरच न्हाई, तर ती थांबली काहून?”

त्यांना सोडून आल्याबरोबर मी त्या माणसाला फोन लावला. जेवढं येत होतं तेवढं बोलले. केसाने गळा कापलास म्हणाले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ताई, तुमच्याच भावाने लेखी कळवलं होतं. आमच्या आईचं मरण नको, आमचं घर नको. घर काढल्यावर तिच्या थांबण्याला काहीतरी कारण द्यावं लागलं.”

लगेच भावाला फोन लावला. त्याने नाकारलंही नाही. “पोरीचं जमून राहिलंय,” तो म्हणाला. “बँडवाल्या बाईच्या सिनेमात आपलं घर? पाहुणे काय म्हणतील? अन् तिचं काय नवीन गेलं? लोक तर आधीपासूनच तसं म्हणतात.”

परक्याचा राग करता येतो. सख्ख्या भावाने तोंडघशी पाडल्यावर माणूस कुणाच्या दारात जाऊन भांडणार? मी फोन ठेवला. आजही आमचं बोलणं नाही.

दुसऱ्या दिवशी आडतीवर गेले. मावशी पोत्यावर बसून हळकुंडं निवडत होत्या, हात कोपरापर्यंत पिवळे. मी शेजारी बसले आणि भावाचं सगळं सांगितलं. म्हटलं, “मावशी, आम्ही तुम्हाला फसवलं.”

त्यांनी एक किडलेलं हळकुंड बाजूला टाकलं.

“सिनेमाचं सोड. तवा बी कोणी भायेर आलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “तुझ्या बापानं कडी लावली, ती मला आयकू आली. बँड बंद होता ना.”

बाबा तेव्हा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. “कडी लाव,” एवढंच म्हणाले होते. उठून कडी मी लावली. हे मी दिग्दर्शकाला सांगितलं नव्हतं. मावशींनाही सांगितलं नाही. त्यांच्यापुढच्या ढिगातली मूठभर हळकुंडं मी माझ्या ओंजळीत घेतली आणि निवडायला लागले.