बोल्ट लावताना सुटलेली गोळी

तालुक्याच्या कोषागारासमोर सुटलेली ती एक गोळी निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही.

मी तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या एका ठाण्यावर निरीक्षक होतो. कोषागाराच्या गार्डकडे जुन्या लष्करी बनावटीच्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या. बोल्ट हाताने मागे ओढायचा, पुढे ढकलून खाली दाबायचा, की नवी गोळी नळीत बसते. सकाळी आठला गार्ड बदलताना एक शिपाई अशीच बोल्ट मागेपुढे करत रायफल रिकामी करत होता. तिसऱ्यांदा बोल्ट लावला आणि गोळी सुटली. ती समोरच्या सहकाऱ्याच्या मांडीत घुसली.

जखमीला नाशिकला हलवलं. वाटेतून हवालदाराचा फोन आला, "साहेब, द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलोय. रक्त थांबत नाय."

तेवढ्यात गार्डला चहा देणारा टपरीवाला ठाण्यात आला. हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, काल दोघांची सुट्टीवरून लय जुंपली होती. 'तुला बघून घेतो' म्हणला तो, ज्याच्या हातनं गोळी सुटली."

ही गोष्ट वर कळवली. संध्याकाळपर्यंत खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवून अटक करा, असा निरोप आला.

शिपाई कळवणकडचा, मूळचा शेतकरी घरातला. मी त्याला तीन तास विचारत होतो. उत्तर एकच. "भांडण झालं, नाय म्हणत नाय. पण चापाला बोट लावलं नाय, साहेब. पोरीची शपथ."

खोटं बोलणारा माणूस सहसा आधी भांडणच नाकारतो. यानं ते नाकारलं नव्हतं. तेच मला टोचत होतं.

नाशिकहून आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा हवालदार आला. त्यानं रिकाम्या रायफलीचा बोल्ट दहा वेळा लावून पाहिला. "काही दोष दिसत नाही, साहेब." घड्याळात तीन वाजले होते.

शेवटचा प्रयत्न म्हणून मी शिपायाला म्हणालो, "सकाळी कसं केलंस ते नुसत्या हातानं करून दाखव."

त्यानं तळहात पुढे असा काही आपटला की मी चमकलो.

"एवढ्या जोरात?"

"बोल्ट अडतो, साहेब. हळू लावला तर बसतच नाय कधी कधी."

आर्मररनं तर प्रत्येक वेळी बोल्ट सावकाश लावला होता. मी त्याला जोरात लावायला सांगितलं. पाच वेळा काही झालं नाही. सहाव्या वेळी खट् आवाज झाला. चापाला कुणाचं बोट लागलं नव्हतं. त्यानं रायफल उघडून भिंगातून पाहिली. "गोळीवर आदळणाऱ्या फायरिंग पिनला अडवणारी कड झिजलीय. जोराचा झटका बसला की पिन सुटते."

मी शिपायाकडे वळलो. "बोल्ट अडतो हे आधी का नाही सांगितलंस?"

"दोन महिन्यांपूर्वीच गार्डच्या वहीत लिहून दिलंय, साहेब."

वही आणली. त्याची नोंद होती. खाली 'पाहिले' असा शेरा आणि माझी सही. तपासणीच्या दिवशी मी न वाचताच पानं उलटत सह्या केल्या होत्या.

लेखनिकानं मान खाली घालूनच विचारलं, "साहेब, ही वही पंचनाम्यात घ्यायची का?"

उत्तर द्यायला मला वेळ लागला. तेवढ्या वेळात काय काय मनात आलं, ते मी आजवर घरातही सांगितलेलं नाही.

"घ्या," मी म्हणालो.

अटक टळली. रायफल रिकामी करताना नळी आभाळाकडे ठेवली नाही म्हणून शिपायाला खात्यात शिक्षा झाली, माझ्यावर ठपका ठेवला गेला. जखमी वाचला, पण पाय थोडा अधू झाला. जबाब घ्यायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "त्याचं बोट बाहेरच होतं, साहेब. मी बघत होतो. मला कुणी विचारलंच नाय."

त्यानंतर वाचल्याशिवाय मी एकही सही केली नाही. लेखनिक वैतागायचे, टेबलावर वह्यांचा ढीग साचायचा. पण एक गोष्ट अजून सलते. खरं सांग, खरं सांग, असं मी ज्याला दरडावत होतो, त्यानं खरं काय ते मला दोन महिने आधीच लेखी दिलं होतं.