गेमिंगचा लॅपटॉप

मुलीकडचे पाव्हणे मला बघायला यायचे होते, त्याच्या आदल्या दिवशी इचोड्याच्या आमच्या घरी मी बैठकीत टेबल मांडलं. लॅपटॉप मधे आणि दोन्ही बाजूंना दोन मॉनिटर. हैदराबादच्या एका कंपनीसाठी मी घरूनच नकाशे काढतो. ड्रोनने घेतलेल्या फोटोंवर रस्ते, नाले, शेतांचे धुरे म्हणजे बांध आखायचे. साध्या लॅपटॉपला ते फोटो झेपत नाहीत, म्हणून गेमिंगचा घेतलेला. मुलीशी फोनवर बोलणं सुरू झालं होतं आणि ती मला मनापासून आवडली होती. माझं घरी बसणं म्हणजे रिकामं बसणं नव्हे, हे तिच्या माणसांना दिसावं, एवढाच या मांडामांडीचा हेतू.

त्या मांडामांडीनेच जीव खाल्ला. एचडीएमआयची वायर लावताच पहिला मॉनिटर सुरू झाला. दुसरा टाइप-सीला जोडला तर काळाठिक्कर. तशी दोन भोकं आहेत, दिसायला जुळी. पण चित्र एकातूनच जातं, आणि कुठल्यातून, ते सांगणारी खूण भिंग लावून शोधावी एवढीशी. भोक बदललं तर तिन्हीकडे एकच चित्र. बाबा, रिटायर मास्तर, मागे उभेच होते.

"तिन्हीत तेच? मंग तीन कायले पायजे?"

सेटिंगमधे जाऊन डुप्लिकेटचं एक्स्टेंड केलं. आता लॅपटॉप डाव्या मॉनिटरला उजवा समजायला लागला, माउस भलत्याच कडेने पळायचा. तेही सरळ केलं. शेवटी फोटो डावीकडे, नकाशा मधे, कंपनीच्या सूचना उजवीकडे. मला तर ते टेबल फार देखणं वाटलं.

मुलीला वडील नाहीत. घरात शब्द चालतो मामांचा. ते नार्नूरहून आले, बसले, आणि त्यांची नजर टेबलावर गेली.

"हे काय हाय?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा कौतुकाने म्हणाले, "गेमिंगचा हाय. साधा नाही. दिवसभर यावरच बसून राह्यते पोरगं."

आमच्याकडे गेम या शब्दाला आता एकच अर्थ उरलाय: मोबाईलवर पैसे लावणं. अमक्याचं पोरगं गेममधे गेलं म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही. मामांनी कीबोर्डचे लाल-हिरवे दिवे पाहिले, तिन्ही पडदे पाहिले आणि चहा अर्धाच ठेवला. मी घाईघाईने नकाशा उघडला, धुरे दाखवले, कंपनीचं नाव सांगितलं. मामा "हो, हो" म्हणाले. त्या "हो, हो"ला मी आजही शिव्या देतो.

दोन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला. पोरगा गेमवाला हाय, आमाले जमत नाही.

"मी तं चांगलंच सांगितलं होतं," बाबा म्हणाले. मला त्यांचा इतका राग आला की मी ताटावरून उठलो.

मग मी तिला फोन लावला.

"तुमाले तं मालूम हाय ना, मी काय काम करतो?"

"हो. व्हिडिओवर दाखवलं होतं ना तुमी."

"मंग मामाले सांगितलं काऊन नाही?"

ती अगदी शांतपणे म्हणाली, "तुमच्यापायी मामाशी वाकडं काऊन घेऊ मी?"

मामांचा गैरसमज मी आज ना उद्या काढला असता. तिचा गैरसमज नव्हताच.