गळतीला भिणारे सुभेदारकाका

दिल्लीत माझी नोकरी टिकली ती आमच्या सोसायटीतल्या सुभेदारकाकांमुळे, हे आधी सांगतो. आणि त्यांच्याइतका घाबरट माणूस अख्ख्या मयूर विहारात दुसरा सापडायचा नाही, हेही सांगून टाकतो. साताऱ्याकडचा हा माणूस फौजेच्या वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त करत म्हातारा झाला, सीमेवरच्या बर्फात राहून आला, पण नळाचा थेंब टपकला की छातीवर हात ठेवून उठून बसतो. कुणाची गाडी आली की काका आधी तिच्याखाली वाकून बघणार, मग पाहुण्याला नमस्कार करणार. पंगतीत वरणाची बादली जवळ आली की पाय आखडून घेणार. काकू म्हणतात, "ह्यांच्यासमोर रडायचीही सोय नाही. डोळ्यांतून पाणी आलं की कुठनं गळतंय ते बघायला चष्मा शोधतात."

मी नववीतून शाळा सोडून हिंगोलीहून इथे आलो, आणि सोसायटीतल्याच एका साहेबांची गाडी चालवतो. घाबरट मीही आहे, फक्त दाखवत नाही. गेल्या थंडीत इंजिनाच्या तापाचा काटा एकदा लाल खुणेपर्यंत गेला, तेव्हा साहेब म्हणाले होते, "पुन्हा काटा चढला ना, तर दुसरा ड्रायव्हर बघतो. बिल्कुल ऐकणार नाही." त्या दिवसापासून माझं लक्ष रस्त्यापेक्षा काट्याकडे जास्त. आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी गाडीखाली हिरवं पाणी दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या वडिलांना, आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो, पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला, कार्यक्रमासाठी न्यायचं होतं.

काका धावत आले. थर्मोस्टॅटच्या, म्हणजे गरम पाण्याला वाट सोडणाऱ्या झडपेच्या, झाकणातून गळत होतं. "घाबरू नकोस," असं म्हणताना त्यांचाच आवाज कापत होता. इंजिन पुरतं निवेपर्यंत त्यांनी मला हात लावू दिला नाही. मग झाकण उघडून फट बुजवणारी जुनी पेस्ट खरवडली, धातू बाळाच्या अंगासारखा पुसून कोरडा केला आणि नव्या पेस्टची बारीक कड फिरवली. मी म्हटलं, "काका, जाड लावा ना, धोका नको." तर खेकसले, "आरं, जास्तीचं आत पडतंय आन् वाट बुजवतंय! भीती आहे म्हणून थापायचं नसतं." थंडीत पेस्ट सुकत नाही, म्हणून स्वतःचं फौजी ब्लँकेट आणून त्यांनी इंजिनावर पांघरलं. काकू गॅलरीतून म्हणाल्या, "माझ्या अंगावर कधी घातलंत का असं?" काकांनी त्याच पेस्टचा एक ठिपका डब्याच्या झाकणावर लावून इंजिनाशेजारी ठेवला आणि गाडीची चावी खिशात घालून घरी गेले.

सकाळी धुक्यात साहेब आजोबांना घेऊन खाली आले. काका बॉनेटसमोर उभे. त्यांनी ठिपक्यावर नख दाबलं, खूण राहिली. "अजून नाही."

"काका, चावी द्या यार. कार्यक्रम निघून जाईल," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुला काय सांगितलं होतं मी?"

काका मध्ये आले. "त्याला काही बोलू नका. चावी माझ्याकडे आहे, हट्ट माझा आहे." चावीचा खिसा मुठीत धरून ते जागचे हलले नाहीत.

आजोबा मफलर सारखा करत म्हणाले, "चलो, चहा घेऊ. तिथले लोक इतकी वर्षं थांबलेत, आणखी थोडं थांबतील."

ऊन वर आल्यावर नखाची खूण उठेना, तेव्हा काकांनी कूलंट, ते हिरवं पाणी, भरलं. मग पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन स्वतःच पुढच्या सीटवर बसले. पानिपत येईपर्यंत आम्ही दोघं काट्याकडे बघत होतो. काटा मध्यावरून हलला नाही. तिथे पोचल्यावर आजोबा स्मारकापुढे वाकले, काका गाडीखाली वाकले. "कोरडं आहे," एवढंच म्हणाले आणि मातीतच बसले. परतताना साहेब मला म्हणाले, "उद्या नऊला ये." भरलेले डोळे काकांना दिसू नयेत म्हणून मी आरशात बघायचं टाळलं.

यंदा काकांच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आलाय. ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलतात. काकूंना मी सांगून ठेवलंय, ज्या दिवशी ते तयार होतील त्या दिवशी गाडी मी आणीन आणि दवाखान्यात दाराबाहेर मी बसेन. त्या सकाळी माझ्या वाटची भीती त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली होती. त्यांच्या वाटची मी घेईन.