आतला पडदा

अकोल्याकडच्या मालेगावातल्या टायपिंगवाल्या वहिनींची बोटं कीबोर्डवर चालायची आणि नजर मात्र समोर बसलेल्याच्या तोंडावर असायची. अर्ज सांगता सांगता माणूस अडखळला, की बोटं थांबत. "घाई नको करू बाबू. आधी पाणी पे, मंग सांग." साऱ्या गावाच्या त्या वहिनी. मी शाळामास्तर, प्रश्नपत्रिका टाइप करून घ्यायला त्यांच्याकडे जायचो.

दुकानामागच्या खोलीत त्यांचे यजमान, भाऊ, पलंगावर असत. पक्षाघातानं त्यांची वाचा गेली होती, उजवं अंग गेलं होतं. पूर्वी छापायला जाणारा प्रत्येक मजकूर तेच मोठ्यानं वाचून तपासत. ते काम सुटू नये म्हणून वहिनींनी अकोल्याच्या एका जाणकाराकडून सोय करून घेतली होती. भिंतीतून वायर नेऊन पलंगाशी जुना कॉम्प्युटर मांडला होता. वहिनी दुकानात टाइप करायच्या आणि ते पान आतल्या पडद्यावर उघडायचं. भाऊ डाव्या हातानं माउस सरकवत चुकलेला शब्द लाल करीत. बाहेर तो लाल दिसला, की वहिनी म्हणत, "बोलले पाहा!"

एकदा लग्नपत्रिकेत 'शुभवीवाह' असं दिसलं. मी बोट दाखवलं, तर वहिनी हळूच म्हणाल्या, "राहू द्या मास्तर. मुद्दाम ठेवलं. काहीच नाही सापडलं, तं दिवसभर उदास राह्यतेत ते."

मग एका सकाळी गेलो, तर वहिनी नुसत्याच बसलेल्या. आदल्या दिवशी दोन्ही कॉम्प्युटरवर ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती चढवली होती आणि तेव्हापासून आतल्या पडद्यावर पान येईना. वायर बदलून झाली होती, दोन्ही यंत्रं बंद-चालू करून झाली होती.

"त्यायनं चहा घेतला नाही, मास्तर. त्यायले वाटून राह्यलं, मीच काम काढून घेतलं."

मी आत डोकावलो. भाऊ भिंतीकडे तोंड करून पडले होते.

मी अकोल्याला फोन लावून वहिनींच्या हाती दिला. जाणकार म्हणाला, "बिघडलं काहीच नाही, वहिनी. पडदा सांभाळणारा जो प्रोग्राम असतो, तो आधी नेटवर्कवरून आलेलं घ्यायचा. नव्या आवृत्तीत न घेणं हेच आधीपासून ठरवून दिलंय, भलतंच कोणी घुसू नये म्हणून. तुम्ही सांगितलं तरच घेईल."

"पण मले काहून अडवते? मी का परकी हाये?"

"त्याला काय ठाऊक? आता दोन उपाय आहेत. पूर्वीसारखं सगळ्यांना मोकळं करा, नाहीतर दोन यंत्रांमध्ये कुलूपबंद वाट करू."

वहिनींनी क्षणभर आतल्या खोलीकडे पाहिलं. "कुलूपवालीच करा. किल्ली आमा दोघायपाशी राहू द्या."

तो सांगत गेला, वहिनी टाइप करत गेल्या. एक-दोनदा चुकलं, पुन्हा केलं. दुपारी केनवडच्या एका बारशाची पत्रिका आत उघडली. वहिनी पलंगाशी वाकल्या. "अहो, इकडं पाहा ना. पान आलं."

भाऊ हलले नाहीत. वहिनी बाहेर येऊन पडद्यासमोर बसल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक शब्द लाल झाला. मग दुसरा, तो तर बरोबर होता. मग ओळच्या ओळ आणि बघता बघता बाळाच्या आईबापाच्या नावांसकट सारं पान लालेलाल!

वहिनी आधी हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला. "रागावले हायेत! रागवा हो, पोटभर रागवा!" असं ओरडतच त्या चहा ठेवायला उठल्या.

पुढच्या हिवाळ्यात भाऊ गेले. तेरवी झाल्यावर वहिनींनी दुकान उघडलं. मी चौथीची प्रश्नपत्रिका घेऊन गेलो, तर त्यांनी टाइप करून कागद माझ्याच हातात दिला आणि आपल्याजवळ खुर्ची ओढली.

"तुमीच तपासा, मास्तर. पण मोठ्यानं वाचा. या घरात किती वर्षं झाली, कोणी मोठ्यानं वाचलंच नाही."

मी वाचू लागलो. "प्रश्न पहिला. पाण्याच्या तीन अवस्था सांगा..."

वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या.