झोपू नको हं

पाळणाघरातली मुलं तिला मावशी म्हणत, म्हणून मुलांच्या आयाही तिला मावशीच म्हणायच्या. बावीस वर्षांत एकाही पोराच्या कपाळाला मोठंसं टेंगूळ येऊ दिलं नव्हतं तिने, आणि हे ती कुणी न विचारताही ऐकवायची.

तिचं वैर होतं ते फक्त दाराजवळच्या ओट्यावरच्या टॅबशी. कोण किती वाजता झोपलं, कुणाला कसली अ‍ॅलर्जी, कुणाला कोण न्यायला येणार, सगळं त्यात. दोन मिनिटं हात लावला नाही की तो आपोआप लॉगआउट व्हायचा आणि पुन्हा बारा अक्षरांचा पासवर्ड मागायचा. इथे कडेवर रडणारं पोर, दुसरा हात दुधाने चिकट!

"मेल्याचा माझ्यावर विश्वासच नाही," ती कुरकुरायची.

"तुमच्यावर आहे हो मावशी. येणाऱ्याजाणाऱ्यावर नाही," पाळणाघर चालवणाऱ्या बाई म्हणायच्या.

मावशीने तोड काढली. ओट्याजवळून जाता-येता उघड्या कोपराने पडद्याला थोपटायचं आणि म्हणायचं, "झोपू नको हं." टॅब जागा राहायचा. मुलांना थोपटून झोपवायचं आणि याला थोपटून जागं ठेवायचं, यावर तीच खो खो हसायची.

ढब्बू तीन वर्षांची, गालांमुळे ते नाव पडलेली. तिची आई नवऱ्याच्या माराला कंटाळून दोनदा घर बदलून आली होती. बाईंनी बजावलं होतं, बाप आला तर पोर द्यायची नाही आणि पत्ता तर मेलं तरी सांगायचा नाही. आज बाई बाहेरगावी होत्या आणि दुपारी मुलं झोपलेली असताना बाप आला. इस्त्रीचा सदरा, हातात कापडी ससा.

मावशी तेव्हा ढब्बूच्याच पानावर झोपेची वेळ टाकत होती.

"नुसती बघतो तिला."

"नाही म्हटलं ना!" मावशी दारात पाय रोवून उभी राहिली. त्याने वाद घातला नाही. घाम पुसत म्हणाला, "बरं. घोटभर पाणी तरी द्याल?"

पाण्याला कुणी नाही म्हणतं का? ती आत वळली आणि वळता वळता कोपर आपसूक पडद्यावर गेलं.

ती पेला घेऊन आली तेव्हा तो ओट्यावर वाकला होता. त्याचे ओठ हलत होते, पाढे पाठ करणाऱ्या मुलासारखे. त्याने पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं, "थँक्यू मावशी" म्हटलं आणि ससा तिथेच ठेवून निघून गेला.

पडद्यावर ढब्बूचा हसरा फोटो होता. खाली आईचा फोन नंबर, त्याखाली नवीन पत्ता, खोली नंबरासकट.

मावशीने ढब्बूच्या आईला फोन लावला. कारखान्यात कामावर असताना तिचा फोन बंद असायचा. बाईंचाही लागेना. मग दुपारभर मावशीचं मन तिला फितवत राहिलं. कुणी पाहिलंय? एवढ्यात वाचून तरी झालं असेल का? नोकरी गेली तर या वयात कोण ठेवणार? पण ते हलणारे ओठ काही डोळ्यांसमोरून जाईनात. तिला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी आई आली. मावशीने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, कोपरासकट. ती शिव्या देईल म्हणून मान खाली घालून उभी राहिली. द्यायला हव्या होत्या.

आईने एवढंच विचारलं, "किती वेळ होता तो इथे एकटा?"

"पाणी आणेपर्यंत."

"म्हणजे पाठ झाला असेल." ती ढब्बूचे जादा कपडे, चादर, बाटली, सगळं पिशवीत भरू लागली. "आज घरी नाही जायचं. मैत्रिणीकडे बघते. उद्यापासून ढब्बू येणार नाही, मावशी."

"मी पोलिसांत येते तुझ्याबरोबर. माझी चूक मी सांगते."

आईने होकारार्थी मान हलवली. मावशीने टॅबवर ढब्बूचं पान उघडलं, घरी गेल्याची शेवटची वेळ टाकायला. आईच्या कडेवरच्या ढब्बूने ओट्याजवळ येताच वाकून आपलं इवलंसं कोपर पडद्यावर आपटलं आणि मावशीच्याच सुरात म्हणाली, "झोपू नको हं!"

मावशीने तिचा हात हिसडा मारून बाजूला केला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. ढब्बूचा ओठ थरथरला आणि ती आईच्या खांद्यात तोंड लपवून रडायला लागली.