रुमालाने धरलेली जागा

आमच्या मेडशीच्या गाडीवरच्या कंडक्टरला खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली खपत नाही. तो रुमाल दोन बोटांत उचलतो, साऱ्या गाडीला विचारतो, "यानं तिकीट काढलं काय?" आणि सरळ खिशात घालतो. माझा निळ्या काठाचा रुमाल असाच गेला.

रविवारी हाच माणूस चर्चमध्ये खंजिरी वाजवतो, तीही धावत्या गाडीत उभं राहिल्यासारखे पाय फाकवून. प्रार्थना संपली की सवयीने म्हणतो, "चला, पुढे सरका!" मग पास्टरसुद्धा हसतात.

यंदा वादळात चर्चवरची टिनं उडाली, पास्टर आजारी पडले आणि माणसं गळत गेली. आई गेल्यावर मीही देवाशी अबोला धरला होता. एकदा तिकीट देताना तो म्हणाला, "ताई, काहून येऊन नाही राह्यल्या तुमी?" मी खिडकीबाहेर पाहिलं.

या रविवारी मात्र गेले. ताडपत्रीखाली जेमतेम दहा-अकरा माणसं होती. खुर्च्या नेहमीएवढ्याच मांडलेल्या, आणि प्रत्येक रिकाम्या खुर्चीवर एकेक रुमाल!

"भाऊ, हे काय?"

"जागा धरल्या. लोकं येऊन राह्यले, जरा लेट हाय."

मला हसू आवरेना. हसता हसता माझ्या खुर्चीपाशी पोचले, तर तिच्यावर माझाच निळ्या काठाचा रुमाल, धुऊन इस्त्री केलेला.

तो उचलून मी बसले. त्याने माझ्याकडे पाहिलं, डबल बेल दिल्यासारख्या खंजिरीवर दोन थापा मारल्या आणि गाणं सुरू केलं.