मोकळी बाजू
उसाच्या ओल्या वाढ्यांचा, म्हणजे तोडलेल्या हिरव्या शेंड्यांचा, वास आला की अजून मला ती दुपार आठवते. त्या वर्षी ऊस लवकर निघावा म्हणून मी फलटणजवळच्या आमच्या रानात चारी बाजूंनी तोड लावली. दुपारी मधे खोलीएवढाच ऊस उरला आणि आतून गुरगुर आली. बिबट्या! कोयते जागच्या जागी थांबले. मी ओरडलो, "पाचट पेटवा!" तेवढ्यात म्हसवडकडची एक म्हातारी तोडकरीण माझ्यावरच खेकसली, "आवं मालक, त्याला जायला वाट कुठं ठिवली तुमी? वढ्याची बाजू सोडा." आम्ही दबकत बाजूला झालो. पिवळं काहीतरी सपकन ओढ्याकाठच्या झाडीत शिरलं. पुढं ती झाडी तोडून मी तिथंही ऊसच लावला. आज त्याची तोड चालू आहे, शेवटचा पट्टा उरलाय, आणि कुठली बाजू मोकळी सोडायची तेच मला कळत नाही.